कूळ, कथा आणि दप्तर : नॉर्वेजियन पूर्वजशोधाच्या कथनाची मीमांसा

१

आत्मचरित्र, चरित्र, बखर, ऐतिहासिक कादंबरी ह्या वाङ्मयप्रकारांच्या सीमारेषांविषयी मराठी समीक्षेत बरीच चर्चा झालेली आहे. ह्या सर्वांच्या कडेने वावरणारा आणि तरीही ह्यांपैकी कोणातही पूर्णपणे न सामावणारा असा एक कथनप्रकार मात्र समीक्षेच्या नजरेतून निसटत राहिला आहे. त्याला 'पूर्वजशोधाचे कथन' असे म्हणता येईल. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट एका बाजूला आणि चर्चची वही, जनगणना, जहाजाची यादी, जमिनीचा कागद असे दप्तर दुसऱ्या बाजूला ठेवून वंशज ह्या दोहोंमधून एक माणूस उभा करू पाहतो. हा माणूस त्याने पाहिलेला नसतो. क्वचितच त्या माणसाने स्वतःविषयी काही लिहून ठेवलेले असते. तरीही त्याच्या असण्यावर वंशजाचे स्वतःचे असणे काही अंशी अवलंबून आहे, ही जाणीव ह्या कथनाची प्रेरणा असते.

अॅलेक्स हेली ह्यांच्या 'रूट्स' (१९७६) ह्या ग्रंथाने हा प्रकार अमेरिकेत लोकप्रिय केला. पुढे अभ्यासकांनी त्यातील वंशावळ मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिली आणि तिचे महत्त्वाचे दुवे टिकत नाहीत असे दाखविले. त्यानंतर जो वाद झाला तो 'हे खरे की खोटे', 'हा इतिहास की कादंबरी' अशा दोन टोकांमध्येच अडकला. गोष्ट आणि कागद ह्या दोन भिन्न जातींच्या संहिता आहेत. त्यांचे निवेदक, त्यांचे श्रोते आणि त्यांची प्रयोजने वेगळी आहेत. आणि म्हणून त्यांच्यातील नात्याचा विचार केवळ खऱ्या-खोट्याच्या निकषाने पुरा होत नाही, हे त्या वादात फारसे कोणी विचारात घेतले नाही.

प्रस्तुत विवेचनासाठी नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या पूर्वजाच्या शोधाचे उदाहरण घेतले आहे, त्याला कारण आहे. १८२५पासून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसे त्या छोट्या देशातून उत्तर अमेरिकेत गेली. नॉर्वेच्या धर्मोपदेशकांनी ठेवलेल्या नोंदी तपशीलवार आहेत आणि अमेरिकेतील त्यांच्या वंशजांच्या घरांतील कथापरंपराही संपन्न आहे. दोन्ही पारडी जड असल्यामुळे त्यांच्यातील विसंवाद येथे जितका स्पष्ट दिसतो तितका तो अन्यत्र क्वचितच दिसेल.

२

ह्या स्थलांतराची जी आद्यकथा मानली जाते, तिच्यापासूनच आरंभ करणे उचित ठरेल. 'रेस्टाउरासियोन' नावाचे एक लहान गलबत जुलै १८२५च्या आरंभी स्ताव्हांगर बंदरातून निघाले आणि ९ ऑक्टोबर १८२५ रोजी न्यूयॉर्कला पोहोचले. निघताना त्यावर बावन्न माणसे होती. वाटेत एक मूल जन्मले. ह्या प्रवाशांच्या वंशजांमध्ये एक गमतीदार गोष्ट परंपरेने सांगितली जाते. मदेरा बेटाजवळ समुद्रात तरंगणारे मद्याचे एक पिंप लोकांना सापडले, सारे जण झिंगले, आणि गलबत ध्वज न लावता बंदरात शिरले. किनाऱ्यावरच्या तोफा रोखल्या गेल्या तेव्हा कोठे त्यांना भान आले. दप्तरात मात्र ह्या गलबताची जी ठळक नोंद आहे ती वेगळ्याच कारणाने. १८१९च्या अमेरिकन कायद्याने जहाजाच्या आकारमानानुसार प्रवाशांची मर्यादा ठरविली होती, आणि ह्या गलबताने ती ओलांडली होती. त्यामुळे गलबत जप्त झाले, दंड झाला, आणि अखेर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स ह्यांनी माफी दिली.

येथे दोन संहितांची प्रकृती उघड होते. कायदा मोडला गेला म्हणून दप्तराने ह्या माणसांची दखल घेतली. कायद्याच्या मर्यादेत राहून उतरले असते तर ते यादीतील नावांपलीकडे उरले नसते. गोष्टीने दखल घेतली ती मात्र पिंपाची, झिंगण्याची, तोफांच्या तोंडून वाचण्याची. त्या गोष्टीत भीती आहे, पण ती हसण्यात विरघळवलेली आहे. एवढ्याशा गलबतात, तेही मर्यादेपेक्षा अधिक माणसांसह, तीन महिन्यांचा समुद्र ओलांडणे हा जिवावरचा प्रसंग होता, ही गोष्ट दप्तर कलमाच्या भाषेत सांगते आणि घरची कथा विनोदाच्या भाषेत. भय मात्र दोहोंतही सरळ शब्दांत आलेले नाही. हे निरीक्षण पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

३

घरच्या कथेची काही ठरावीक कथाबीजे आहेत. तीन भाऊ एकत्र निघाले आणि किनाऱ्यावर उतरल्यावर तीन दिशांना पांगले, हे एक. पूर्वज मोठ्या शेताचा वारस होता, पण काही अन्यायामुळे त्याला घर सोडावे लागले, हे दुसरे. आणि एलिस बेटावरच्या कारकुनाला त्याचे नाव उच्चारता येईना म्हणून त्याने ते बदलून टाकले, हे तिसरे. लोककथेच्या अभ्यासकाला ही बीजे ओळखीची वाटतील. एकच साचा असंख्य घरांत आढळतो, ह्यावरून हे कोणा एका घराचे स्मरण नसून एका समूहाने घडविलेले कथनव्याकरण आहे, असे अनुमान काढता येते.

ह्यांपैकी तिसरे बीज विशेष बोलके आहे. एलिस बेटावरचे ठाणे १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी १८५५ ते १८९० ह्या काळात न्यूयॉर्कला उतरणारे लोक कॅसल गार्डन येथे उतरत. मध्यंतरी आणखी एक वाट होती. इंग्लंडने नौकानयनावरचे निर्बंध १८४९मध्ये उठविल्यावर नॉर्वेची जहाजे माणसे घेऊन क्वेबेकला जाऊ लागली आणि परतताना इमारती लाकूड आणू लागली. १८५० व १८६०च्या दशकांतील पुष्कळ नॉर्वेजियन ह्याच वाटेने कॅनडात उतरून, सरोवरे ओलांडून विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे गेले. क्वेबेकच्या प्रवासीयाद्या १८६५पासूनच्याच जपल्या गेल्या आहेत. म्हणजे १८६१ साली आलेल्या पूर्वजाचा वंशज न्यूयॉर्कच्या याद्या चाळत बसतो तेव्हा तो चुकीच्या बंदरावर उभा असतो. शिवाय एलिस बेटावर नावे बदलली जात नसत. प्रवाशांच्या याद्या जहाज सुटते त्या ठिकाणी तयार होत आणि बेटावरचा अधिकारी त्या ताडून पाहत असे.

मग ही कथा खोटी ठरवून टाकून द्यावी काय? तसे करणे सोपे आहे. पण त्याने एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर हरवते. नाव बदलले हे तर सत्यच आहे. ते कोणी बदलले? बहुतेक वेळा ते त्या माणसाने स्वतः, शेजाऱ्यांच्या, शिक्षकाच्या, जनगणना करणाऱ्याच्या सोयीने, थोडे थोडे करीत बदलले. कथेने ही दीर्घ आणि काहीशी लाजिरवाणी प्रक्रिया एका क्षणात, एका दारात, एका परक्या कारकुनाच्या लेखणीत आणून ठेवली. त्यामुळे नाव सोडल्याची जबाबदारी पूर्वजावरून उतरली आणि कारकुनावर गेली. कथा घटनेविषयी चुकीची आहे, परंतु नाव सोडण्याच्या वेदनेविषयी ती अचूक साक्ष देते.

४

आता दप्तराकडे वळू. दप्तर म्हणजे निर्मळ वस्तुस्थिती अशी जी समजूत असते ती नॉर्वेच्या नोंदी पाहताच डळमळते. तेथील ग्रामीण माणसाला एकोणिसाव्या शतकात आजच्या अर्थाने आडनावच नव्हते. स्थिर, वंशपरंपरागत आडनावाची सक्ती करणारा कायदा तेथे १९२३मध्ये झाला. त्यापूर्वी माणसाचे स्वतःचे नाव, त्यापुढे बापाच्या नावाला 'सेन' किंवा 'दात्तर' जोडून होणारे नाव आणि त्यापुढे तो राहतो त्या शेतवाडीचे नाव, अशी रचना होती. उदाहरणादाखल एक काल्पनिक ओले घ्यावा. बापाचे नाव लार्स म्हणून तो ओले लार्सेन. बाकेन वाडीवर जन्मला म्हणून ओले लार्सेन बाकेन. लग्नानंतर मोएन वाडीवर राहावयास गेला म्हणून ओले लार्सेन मोएन. आणि अमेरिकेत कधी लार्सन, कधी मोएन. त्याची बहीण मात्र जन्मभर लार्सदात्तर. एकाच माणसाची चार नावे चार वह्यांत सापडतात आणि वंशजाला वाटते की ही चार माणसे आहेत. उलट एकाच परगण्यात डझनभर ओले लार्सेन असतात, आणि वंशजाला वाटते की हाच आपला.

वाडीच्या नावावरून आणखी एक गैरसमज होतो. नावात वाडी आहे म्हणजे पूर्वज त्या वाडीचा धनी होता, असे वंशज धरून चालतो. वास्तविक, त्या वाडीच्या एखाद्या कोपऱ्यात झोपडी बांधून धन्याकडे राबणारा, स्वतःची जमीन नसलेला 'हुसमान'ही त्याच नावाने नोंदला जाई. नाव राहण्याची जागा सांगते, मालकी सांगत नाही. मराठीत 'कूळ' हा एकच शब्द वंशासाठीही येतो आणि दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यासाठीही येतो. नॉर्वेजियन पूर्वजाची सारी गुंतागुंत ह्या एका मराठी शब्दात सामावते. वंशज पहिल्या अर्थाचे कूळ शोधावयास निघतो आणि त्याच्या हाती पुष्कळदा दुसऱ्या अर्थाचे कूळ लागते. 'वारस होता, अन्याय झाला' हे कथाबीज कशाची भरपाई करीत होते, ते येथे कळते.

दप्तरालाही निवेदक असतो, हे लक्षात घ्यावयास हवे. धर्मोपदेशकाची वही बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, दफन अशा संस्कारांच्या क्रमाने माणूस पाहते. दृढीकरणाच्या नोंदीत धर्मज्ञानावर आणि वर्तनावर शेरा असतो, देवीची लस टोचली होती का हे असते. त्या पोराला काय वाटत होते, हे असण्याचे कारण नाही. १८०१ आणि १८६५च्या जनगणना माणसागणिक नावे देतात. १८१५ ते १८५५ ह्या काळातील गणना बहुतांशी आकड्यांच्याच आहेत, म्हणजे त्या काळातील माणूस राज्यसंस्थेच्या दृष्टीने केवळ बेरजेतील एक होता. १८६७पासून पोलिसांनी परदेशी जाणाऱ्यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. अमेरिकेत १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१च्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाले. परिणामी १८८०च्या दशकात आलेला माणूस १९००मध्ये एकदम बायको, पाच मुले आणि शेत घेऊन कागदावर प्रकट होतो. मधली वर्षे केवळ कथेच्या स्वाधीन असतात.

ह्या निवेदकांपैकी कोणीही वंशजासाठी लिहिलेले नाही. धर्मोपदेशक वरिष्ठांसाठी लिहितो, पोलीस कायद्यासाठी लिहितो. वंशज हा ह्या संहितांचा चोरून वाचणारा वाचक आहे. घरची कथा मात्र त्याच्याचसाठी रचलेली असते. ती त्याला मांडीवर बसवून सांगितलेली असते. एक संहिता त्याच्याकडे पाहतच नाही आणि दुसरी त्याच्याकडे जरा जास्तच प्रेमाने पाहते. स्त्रीच्या बाबतीत ही दरी अधिक खोल होते. नॉर्वेच्या वहीत बापाचे नाव जन्मभर बाळगणारी स्त्री अमेरिकेच्या वहीत नवऱ्याच्या नावाखाली नाहीशी होते, आणि समुद्राच्या दोन बाजूंना जोडणारा तिचा धागा पुष्कळदा केवळ कोणा आजीच्या बोलण्यातच शिल्लक असतो.

५

ह्या विसंवादापुढे दोन भूमिका संभवतात. पहिली प्रत्यक्षप्रमाणवाद्याची : कागद असेल तर खरे, नसेल तर भाकडकथा. मराठी वाचकाला ही भूमिका परकी नाही. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत अस्सल पत्रांच्या आधारे बखरींची जी झडती घेतली, तिने आपल्याकडे इतिहासलेखनाला शिस्त लावली. ती शिस्त आवश्यक होती. परंतु बखरकाराने चूक केली एवढे सांगून इतिहासकाराचे काम संपते, समीक्षकाचे संपत नाही. चूक ह्याच दिशेने का झाली, हा प्रश्न त्याच्यासाठी शिल्लक राहतो.

ह्या प्रश्नाला मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक अलेस्सान्द्रो पोर्तेल्ली ह्यांनी दिलेले उत्तर मार्मिक आहे. तेर्नी ह्या औद्योगिक गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. गावातील अनेक कामगारांनी मात्र ही घटना १९५३मधील मोठ्या कामगारकपातीच्या संघर्षात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्ली ह्यांनी ही तारखेची चूक दुरुस्त केली, पण तेथेच न थांबता तिचा अर्थ लावला. साथीदाराचे मरण एखाद्या दूरच्या करारापायी वाया गेले असे मानणे त्या समूहाला जड होते. म्हणून स्मृतीने ते मरण स्वतःच्या सर्वांत मोठ्या लढ्यात नेऊन ठेवले. १८६१मध्ये क्वेबेकला उतरलेला पूर्वज एलिस बेटावर नेऊन उभा करणारी नॉर्वेजियन घरची कथा ह्याच जातीची आहे. राष्ट्राने ज्या दाराला पावित्र्य दिले त्या दारातून पूर्वजाला आत आणण्याची ती धडपड आहे.

दुसरी भूमिका अलीकडच्या संहितावाद्याची : दप्तरही कथनच, कथाही कथनच, तेव्हा एकीने दुसरीला खोडण्याचा अधिकार कोणता? ही भूमिका आकर्षक आहे आणि दप्तराला निवेदक असतो हे दाखवून देण्यापर्यंत ती योग्यही आहे. परंतु तिच्या टोकाला गेल्यास एक गंभीर आपत्ती ओढवते. १८५१मध्ये ट्रॅव्हर्स दे स्यू आणि मेंडोटा येथे झालेल्या तहांनी मिनेसोटातील डाकोटा लोकांच्या हातून विस्तीर्ण प्रदेश गेला. त्यांपैकी पहिल्या तहाच्या वेळी डाकोटा प्रमुखांकडून आणखी एका कागदावर सह्या घेण्यात आल्या. तो तहाचीच प्रत आहे अशा समजुतीने त्यांनी सह्या केल्या; प्रत्यक्षात त्याने त्यांच्या मोबदल्याचा काही भाग व्यापाऱ्यांच्या कथित येण्याकडे वळविला. कागद फसवू शकतो ह्याचे ह्याहून ढळढळीत उदाहरण नसेल. पण ही फसवणूक सिद्ध होते तीही त्या कागदांच्या आधारे आणि साक्षींच्या आधारे. सर्वच कागद सारखेच कथन ठरले तर ज्याची जमीन गेली त्याच्या हातातील पुरावाही कथन ठरतो, आणि त्याचा लाभ जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच होतो. तेव्हा दप्तर कथेला खोडू शकते हे मान्य करूनच समीक्षेने पुढे जावयास हवे.

६

विसंवादाचा अर्थ कसा लावावा हे आतापर्यंत पाहिले. ह्याहून अवघड प्रश्न आहे तो संवादाचा. कथा आणि दप्तर जेथे एकमत होतात तेथे वंशज निर्धास्त होतो. बाप्तिस्म्याची तारीख, गावाचे नाव, भावंडांची संख्या ह्यांविषयी एकमत झाले तर निर्धास्त व्हावयास हरकत नाही. ते विधानातील एकमत होय. परंतु दोघे मिळून एखादी गोष्ट सांगतच नाहीत, असेही एक एकमत असते. त्याला 'मौनातील एकमत' म्हणावे. ते दिसत नाही, कारण ते कोणत्याही ओळीत नसते.

नॉर्वेजियन पूर्वजाच्या बाबतीत हे मौन जमिनीविषयी आहे. २० मे १८६२ रोजी मंजूर झालेल्या होमस्टेड कायद्याने एकशेसाठ एकर जमीन पाच वर्षे वस्ती करून कसणाऱ्याला, नागरिकत्वाचा मनोदय नोंदविलेल्या परदेशी माणसालाही, मिळू लागली. ह्या जमिनीच्या फायली पूर्वजशोधकाला फार मोलाच्या वाटतात, कारण घर केवढे, किती एकर नांगरले, मुले किती, ह्याविषयी पूर्वजाची स्वतःची जबानी तेथे असते. पण ती फाईल 'सरकारी जमीन' ह्या शब्दांपासून आरंभ होते, आणि घरची कथा 'ओसाड माळ' ह्या शब्दांपासून. ती सरकारची कशी झाली, आणि माळ ओसाड कोणी केला, हे दोहोंतही नसते. त्याच १८६२च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटात डाकोटा युद्ध पेटले. त्यात अनेक नॉर्वेजियन वसाहतवालेही मारले गेले. २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्काटो येथे अडतीस डाकोटांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. घरच्या कथेत हल्ला असतो. त्यापूर्वीचे तह आणि त्यानंतरची हद्दपारी बहुधा नसते.

हे मौन ज्या एका लेखकाने आतून जाणले असे म्हणता येते तो ओ. ई. रोल्वाग. १८७६मध्ये दन्ना बेटावर जन्मलेला आणि १८९६मध्ये अमेरिकेत आलेला हा कोळ्याचा मुलगा पुढे सेंट ओलाफ महाविद्यालयात नॉर्वेजियन साहित्याचा प्राध्यापक झाला. त्याचे नावच ह्या विवेचनाचे उदाहरण आहे. जन्माने तो पेडर्सेन, आणि 'रोल्वाग' हे त्याच्या किनाऱ्यावरच्या वस्तीचे नाव. नॉर्वेजियन-अमेरिकन ऐतिहासिक मंडळ १९२५मध्ये स्थापन झाले तेव्हा तो त्याचा चिटणीस होता. म्हणजे दप्तर जमविणारा आणि कथा लिहिणारा, दोन्ही तोच. १९२४-२५मध्ये नॉर्वेत दोन भागांत आलेली आणि १९२७मध्ये 'जायंट्स इन दि अर्थ' ह्या नावाने इंग्रजीत आलेली त्याची कादंबरी १८७३मध्ये डाकोटा प्रदेशात शिरणाऱ्या पेर हान्सा आणि बेरेत ह्या दांपत्याची आहे.

ह्या कादंबरीतील तीन तपशील येथे महत्त्वाचे आहेत. पहिला, पेर हान्साने घेतलेल्या जमिनीवरच्या टेकाडावर मूलनिवासींची एक कबर आहे. माळ ओसाड नव्हता हे कादंबरी आरंभीच सांगून ठेवते आणि मग त्यावर भाष्य करीत नाही; कबर तेथेच राहते. दुसरा, शेजाऱ्यांच्या जमिनीत पेर हान्साला परक्या नावांच्या खुंट्या सापडतात. तो त्या गुपचूप उपटतो आणि जाळून टाकतो. पुढे त्या माणसांनी जमिनीची रीतसर नोंदच केली नव्हती हे उघड होते आणि पेर हान्सा वस्तीचा नायक ठरतो. बेरेतला मात्र हे पाहून धसका बसतो. नॉर्वेच्या लोकसमजुतीप्रमाणे शेताची हद्द हलविणारा माणूस मेल्यावरही शांत होत नाही. तिसरा तपशील नावाचा. जमिनीच्या कागदासाठी आडनाव लागते म्हणून हे कुटुंब 'होल्म' हे नाव घेते. आता कागद सांगेल की येथे होल्म राहत होते. पेर हान्सा कोठे गेला हे तो सांगणार नाही.

खुंट्यांचा प्रसंग ह्या दृष्टीने वाचला तर कादंबरीचा गाभा हाती लागतो. दप्तराच्या दृष्टीने पेर हान्सा निर्दोष आहे, कारण खुंट्यांमागे नोंद नव्हती. वस्तीच्या कथेच्या दृष्टीने तो पराक्रमी आहे. कथा आणि दप्तर येथे एकमत आहेत. बेरेत एकटी त्या एकमताबाहेर उभी राहते, आणि कादंबरी तिच्या भयाला वेडाच्या सीमेवर नेऊन ठेवते. समीक्षकांनी बेरेतच्या मनोविकृतीची चर्चा पुष्कळ केली आहे. परंतु मौनातील एकमत ज्याला ऐकू येते त्याची अवस्था अशीच होणार, असाही त्या व्यक्तिरेखेचा अर्थ संभवतो. तिचा प्रश्न साधा आहे. नोंद नसलेल्याची खुंटी उपटणे पाप नसेल, तर ज्यांनी खुंटीही कधी ठोकली नाही त्यांच्या कबरीवर नांगर धरणे काय ठरते? कादंबरी हा प्रश्न शब्दांत मांडत नाही; ही तिची मर्यादाही आहे. मूलनिवासी तिच्यात येऊन जातात, त्यांच्यापैकी एकाच्या जखमी हातावर पेर हान्सा उपचारही करतो. परंतु त्यांची बाजू सांगणारा निवेदक तिला सापडलेला नाही.

७

तो निवेदक सापडण्याच्या दृष्टीने कॅरेन हॅन्सन ह्यांचा 'एन्काउंटर ऑन द ग्रेट प्लेन्स' (२०१३) हा ग्रंथ उल्लेखनीय आहे. हॅन्सन समाजशास्त्राच्या अभ्यासक आहेत आणि त्यांच्या संशोधनाचा उगम घरच्या कथेत आहे. नॉर्वेहून आलेल्या त्यांच्या पणजीने नॉर्थ डाकोटामधील स्पिरिट लेक ह्या डाकोटांच्या राखीव प्रदेशात जमीन घेतली होती, ही गोष्ट त्यांच्या आजीकडून घरात चालत आली. कानाला ती विसंगत वाटते : जो प्रदेश मूलनिवासींसाठी राखून ठेवला त्यात परदेशातून आलेल्या स्त्रीला जमीन मिळेल कशी? परंतु दप्तर सांगते की ती मिळाली. १८८७च्या डॉज कायद्याने जमातीची सामाईक जमीन व्यक्तींमध्ये वाटण्याचे धोरण आले, आणि वाटून उरलेली ती 'शिल्लक' जमीन ठरली. स्पिरिट लेकची अशी जमीन १९०४मध्ये बाहेरच्यांना खुली झाली आणि १९२९पर्यंत त्या राखीव प्रदेशात डाकोटांपेक्षा स्कँडिनेव्हियन लोकांच्या मालकीची जमीन अधिक झाली.

ह्या ग्रंथाचे मोल दुहेरी आहे. एक तर येथे घरच्या कथेने दप्तराला प्रश्न विचारला. एरवी दप्तर कथेला विचारते. ज्या गोष्टीवर विश्वास ठेवणे अवघड होते तीच संशोधनाची किल्ली ठरली. दुसरे असे की पणजीचे नाव जमिनीच्या नकाशावर सापडले की सामान्य पूर्वजशोध संपतो. हॅन्सन ह्यांचा शोध तेथे सुरू होतो. त्या नकाशावर शेजारी कोणाची नावे होती, त्यांच्या घरांत कोणती कथा सांगितली जाते, हे त्या विचारतात आणि डाकोटांची मौखिक कथने स्थलांतरितांच्या कथनांशेजारी ठेवतात. त्यामुळे चित्र सोपे राहत नाही. आलेली माणसे दरिद्री होती, काही तर डाकोटा मालकांची जमीन वाट्याने कसत होती. जिला स्वतःच्या देशात जमीन नव्हती अशी स्त्री येथे मालकीण झाली. तिचे दारिद्र्य खरे आणि तिने घेतलेली जमीन दुसऱ्याची, हेही खरे. पूर्वजाविषयीची माया ह्या दोन सत्यांपैकी एकाला झाकू पाहते. अपराधभाव दुसऱ्याला झाकू पाहतो. ग्रंथकर्तीने दोन्ही मोह बहुतांशी आवरले आहेत.

आक्षेप घ्यावयाचा तर एवढाच की समाजशास्त्राच्या वर्गवाऱ्यांमध्ये कथनाचा पोत कधी कधी हरवतो. आजीने गोष्ट कोणत्या स्वरात सांगितली, कोठे ती थांबली, ह्या गोष्टी साहित्याच्या अभ्यासकाला अधिक हव्या असतात. मौनाचा शोध घ्यावयाचा तर थांबण्याच्या जागा मोलाच्या आहेत.

८

पूर्वजशोधाच्या कथनाची परीक्षा कशावर करावी, ह्याविषयी वरील विवेचनातून काही निकष हाती येतात. कागद कथेला खोडतो तेथे वंशजाने ते मान्य केले आहे काय. मान्य केल्यावर चुकीची दिशा तपासली आहे काय. कागदाचा निवेदक कोण आणि तो कोणासाठी लिहीत होता हे त्याने विचारले आहे काय. आणि शेवटी, कथा व कागद ज्याविषयी मिळून गप्प आहेत ते ऐकण्यासाठी तो आपल्या घराबाहेर, शेजाऱ्याच्या ओट्यावर गेला आहे काय. पहिले तीन निकष चांगल्या संशोधकालाही ठाऊक असतात. चौथ्यावर बहुतेक कथने अनुत्तीर्ण होतात.

मराठीत कुलवृत्तान्तांची परंपरा आहे. गाव, गोत्र, मूळपुरुष, इनामे ह्यांची नोंद त्यांत निगुतीने केलेली असते आणि सोबत स्थलांतराची, साक्षात्काराची, पराक्रमाची एखादी कथाही असते. मूळपुरुषाला जमीन मिळाली, असे कथा सांगते आणि सनदही सांगते. त्यापूर्वी ती कोण कसत होते, आणि लग्नानंतर नाव बदलून घरात आलेल्या स्त्रियांची पहिली नावे काय होती, हे पुष्कळदा दोहोंतही नसते. ह्या ग्रंथांकडे इतिहासाचे कच्चे साधन म्हणून पाहण्यात आले आहे; कथन म्हणून त्यांचे वाचन अद्याप व्हावयाचे आहे. ते करताना 'कूळ' ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ वाचकाने जवळ ठेवावेत. मूळपुरुषाची सनद जपून ठेवणाऱ्या घराण्याला त्याच जमिनीवरच्या कुळाचे नाव विचारता आले, तर त्या घराण्याच्या कथेत पहिल्यांदाच दुसरा आवाज येईल.